पहिल्या बाकापासून

आमच्या बाईंनी आयुष्यात कुणालाही तपासल्याशिवाय सोडलेलं नाही, आणि यात मी युरोपातल्या रेल्वेचा एक अख्खा डबाही धरते. बाई म्हणजे साखऱ्याला आम्हाला शिकवणाऱ्या बाई. जन्म तांड्यावरचा, नोकरी सगळी आमच्या शाळेत. रिटायर झाल्या आणि मला म्हणाल्या, "पोरी, मोर्चे लई झाले तुझे. पासपोर्ट काढ." या वयात लोक देवाला जातात, बाई पाठीवर सॅक टाकून व्हिएन्नाहून पॅरिसला निघाल्या. चाकाची बॅग त्यांना अपमानास्पद वाटते. त्यांचे पणजोबा बैलांवर मीठ लादून मुलूखभर हिंडायचे, त्याच रिवाजानं एक सॅक पाठीवर, एक पोटावर, आणि वजन दोन्हीकडं बराबर. व्हिएन्नाच्या फलाटावर त्यांनी दोन्ही सॅका उपसल्या, कारण चटणीच्या डब्यानं पुढची बाजू जड झाली होती. मी ओरडले, "बाई, गाडी सुटून राहिली!" "सुटू दे. गाडी दुसरी येती, कंबर येत न्हाई."

गाडी मिळाली. तिथं डब्यात माणसं एकमेकांकडं बघतही नाहीत. समोर एक आजोबा पेपरात तोंड खुपसून बसले होते. बाईंनी त्या पेपरावरच धपाटं ठेवलं. आजोबांचं नाक लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी आणखी एक मागून घेतलं.

शाळेत बाई वह्या तपासायच्या त्या पहिल्या बाकापासून. मधूनच कुणाला उठवायचं नाही, हा त्यांचा कायदा. कारण गावाला माहीत होतं. बाई स्वतः शहरात शिकायला होत्या तेव्हा वर्गात काहीही हरवलं की आधी तांड्यावरच्या पोरीचं दप्तर उलटं व्हायचं. दर वेळी! यावर मी पत्रक काढलं होतं; त्यातली उद्गारचिन्हं बाईंनीच खोडली.

तर कुठल्याशा सीमेवर दोन पोलीस डब्यात चढले. सगळी बाकं ओलांडून सरळ आमच्यापुढं उभे. "पासपोर्ट." अख्ख्या डब्यात सावळ्या आम्ही दोघीच. मी ताडकन उठले, घोषणा ओठावर आली होती.

"खाली बस," बाई म्हणाल्या. "त्याला इचार, मधूनच काहून? पहिल्या बाकापासून ये म्हणावं."

मी इंग्रजीत सांगितलं. पोलिसानं विचारलं, मूळच्या कुठल्या?

"साखऱ्याच्या तांड्यावरची. लिहून घे."

आणि बाई उठल्या, पहिल्या बाकाशी गेल्या, हात पुढं केला. वह्या गोळा करतात तसा. तिथली बाई गोंधळली. तेवढ्यात आमचे आजोबा उठून आले आणि त्यांनी आपलं ओळखपत्र बाईंच्या हातावर ठेवलं. मग कानातलं गाणं काढून एका पोरीनं दिलं, मग तिच्या शेजाऱ्यानं, मग पहिल्या बाकावरच्या बाईनं. बाईंनी नीट चळत लावली, आमचे दोन पासपोर्ट तळाला सरकवले आणि पोलिसापुढं धरली. "घे. बराबर तपास."

त्यानं तपासलं. कान लाल झाले होते लेकाचे, पण एकेक उघडून तपासलं.

पोलीस उतरले, गाडी हलली. मला बाकावर उभं राहून ओरडावंसं वाटत होतं, ही आमची बाई आहे म्हणून. बाई मात्र ज्याचं त्याला ओळखपत्र वाटून, आपला पासपोर्ट मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत होत्या. सूर्यफुलांची शेतं मागं चालली होती. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या,

"आज माझं दप्तर सगळ्यांच्या शेवटी उघडलं गं."