चढावरची दुसरी जोडी

माझे धाकटे दीर मुकुंदराव मुलगी पाहायला गेले की मुलीकडे कमी आणि कोपऱ्यातल्या रेडिओकडे जास्त पाहत. सौंसरला एका घरी तर चहा यायच्या आत त्यांनी रेडिओची पाठ उघडून ठेवली. मुलीच्या बापानं विचारलं, "मग, काय वाटलं?" भाऊजी म्हणाले, "एक व्हॉल्व्ह कमजोर आहे." झालं. लग्न राहिलं ते राहिलंच.

लढाईच्या काळात ते फौजेत वायरलेसचं काम शिकले आणि स्वातंत्र्य आल्यावर नागपूरला सरकारी वायरलेसच्या कारखान्यात मिस्त्री म्हणून लागले. तिथं एका खोलीत एकटे राहत, स्टोव्हवर खिचडी टाकत. इकडे पांढुर्ण्याला मी आणि सासूबाई. आमचे हे मोहगावच्या शाळेत मास्तर, ते शनिवारी येत. माझी शाळा दुसरीपर्यंतची, पण सासूबाईंची पत्रं मीच लिहायची, म्हणून भाऊजींचं सारं माझ्याजवळ येई.

त्यांच्या डोक्यात एकच किडा होता. आवाज हवेत पाठवायचं जे यंत्र, त्यातले व्हॉल्व्ह, म्हणजे काचेचे मोठे दिवे, तीन भाग वीज खाऊन एकच भाग हवेत पाठवतात, दोन भागांची नुसती उष्णता होते. मग ती थंड करायला पंखे लावा.

"असं कसं हो, भाऊजी?" मी एकदा विचारलं.

"वहिनी, माणूस मोठ्यानं बोलते क्षणभर. बाकी वेळ हळूच बोलते. पण त्या क्षणासाठी व्हॉल्व्हले ताकद राखून ठेवा लागते. म्हणजे सपाट रस्त्यावर रिकामी गाडी, अन् जुपले चार बैल. चारा त चौघांचाही लागते."

"मग दोन सोडून द्या."

मी आपली पोळी लाटता लाटता बोलली. ते मात्र जेवण तसंच ठेवून नदीवर गेले.

आमच्या जाम नदीवर तेव्हा सावरगावकडून कापसाच्या गाड्या येत आणि पात्रातून वर चढताना अडत. तिथं चिंधू नावाचा माणूस बैलांची एक जोडी घेऊन उभा राही. भरली गाडी आली की पुढं आपली जोडी जुपून द्यायची, चढ संपला की सोडायची. भाऊजी दोन दिवस तिथं दगडावर बसून होते. चिंधूला वाटलं, सरकारनं पाळतीवर माणूस ठेवला.

"मी काही चोरी नाही करून राहिलो, साहेब," तो म्हणाला.

"अरे, मीच तुझी युक्ती चोरून राहिलो. चढ लागला का मग जुपतं ना?"

"चढावर जुपलं त हिसका बसते, दोर तुटते. चढाच्या आधीच जुपा लागते."

ते शेवटचं भाऊजींनी ऐकलं की नाही, कोणास ठाऊक. वही तर आधीच भरून गेली होती.

मग दोन वर्षं त्यांनी ते यंत्र बांधलं. एक व्हॉल्व्ह नेहमी चालणारा, दुसरा निजलेला. आवाज चढला की दुसऱ्यानं जागं व्हायचं आणि ओझं वाटून घ्यायचं. छप्पन साली उन्हाळ्यात ते मला बॅटरीवरचा रेडिओ देऊन गेले. काचेवर काटा कुठं ठेवायचा तिथं कुंकवाची रेघ ओढली. साहेबानं दहा मिनिटं चाचणीची परवानगी दिली होती, दूरवर ऐकून लिहिणारं कोणी हवं होतं.

ठरल्या दिवशी दुपारी तीन वाजता मी रेडिओसमोर बसली. खरखर झाली आणि आमचे भाऊजी कागदावरची गावांची नावं वाचू लागले. तिगाव, पांढुर्णा, सावरगाव, मोहगाव. आधी हळू, मग मोठ्यानं, मग नदीपलीकडून हाक मारावी तसं. हळू होतं तोवर आवाज कसा स्वच्छ. हाक मारली आणि टर्रकन फाटला, जुनं लुगडं फाटावं तसा. शेवटी कागदावर नसलेलं विचारलं, "वहिनी, आई जेवली का?"

"जेवली," मी रेडिओला सांगितलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

त्यांनी बजावलं होतं, जसं ऐकू येईल तसं लिहा. मी कार्ड घेतलं. आत सासूबाई खोकत होत्या. "मुकुंदा पोळ्याले येऊन राहिला का?" दोन पोळे ते आले नव्हते. फाटला म्हणून लिहिलं तर यंत्र उघडून बसतील, तिसराही गेला. मी लिहिलं, "आवाज एकदम साफ आला. आता पोळ्याला या."

ते आले. सासूबाईंच्या हातची पुरणपोळी खाल्ली, चिंधूच्या बैलांना स्वतः ओवाळलं. त्यांना इतकं हसताना मी नंतर पाहिलं नाही.

परत गेल्यावर त्यांनी साहेबांसमोर यंत्र चालवलं. वीज खरंच कमी लागली, पण आवाज चढवला तसे शब्द फाटले. त्यांचं पत्र आलं, "तुमच्याकडे साफ आला, म्हणजे यंत्रात दोष नाही. दोष मायक्रोफोनमध्ये असेल." मायक्रोफोन खोल, तारा बदल, यात महिना गेला. माझ्या एका कार्डावर भरवसा ठेवून तो माणूस भलत्या ठिकाणी शोधत बसला, आणि मी गप्प.

एक नोव्हेंबरला राज्याच्या वाटण्या झाल्या, नागपूर एका राज्यात गेलं आणि आमचं पांढुर्णा दुसऱ्या. माणसांची यादी वेगळी, सामानाची यादी वेगळी. भाऊजी पांढुर्ण्याचे, म्हणून ते भोपाळला. यंत्र नागपूरचं, ते तिथंच राहिलं. सामानाच्या यादीत त्याचं नाव होतं, 'जुना लोखंडी सांगाडा, नग एक'.

भोपाळला ते हिंदीत अर्ज लिहायला शिकले आणि पुन्हा एका खोलीत खिचडी. पाच वर्षांनी सासूबाई गेल्या. तेराव्यानंतर ते परत गेले आणि मी कार्ड लिहिलं, सारं खरं. 

आठ दिवसांनी उत्तर आलं. राग नाही, काही नाही. एवढंच होतं, "कोणत्या नावावर फाटला? शब्दाच्या सुरुवातीला की मधात?"

मी लिहिलं, "सावरगाववर. सुरुवातीलाच, मग साफ."

पुढचं कार्ड: "म्हणजे दुसरा उशिरा जागा झाला. चिंधूनं सांगितलं होतं."

त्या वर्षी पोळ्याला ते न बोलावता आले. वहीत नवीन आकृती काढून आणली होती. पेटवून पाहायला यंत्र कुठं होतं? मला मात्र पोरीला समजवावं तशी समजावून सांगितली. मी म्हटलं, "माझ्यामुळं झालं, भाऊजी." ते म्हणाले, "पुरणात गूळ कमी आहे, वहिनी." मी चाखलं. खरंच कमी होता.

जाताना त्यांना पोचवायला मी स्टेशनवर गेली. गाडीला वेळ होता.

"एक विचारू?" ते म्हणाले. "तेव्हासारखं 'साफ' लिहू नका आता."

"विचारा."

"सौंसरची ती मुलगी. मी रेडिओ उघडला नसता तर?"

म्हटलं, सांगू की नको. मग सांगितलं, "फार चांगली होती हो. तिला तुम्ही आवडले होते. मी आत बायकांत होती ना, ती दाराआडून पाहून हसत होती."

त्यांनी मान हलवली, मीटरचा आकडा टिपून घेतल्यासारखी, आणि गाडी यायची होती तरी पिशवी उचलून उभे राहिले.