ताईचा नवा नंबर

माझी नणंद आयुष्यभर दुसऱ्यांच्या चादरींना इस्त्री करत आली, धुलाईच्या एका मोठ्या कारखान्यात. तो बंद पडला तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती. बरोबरीच्या बायका डोळे पुसत घरी गेल्या. ताई मात्र तिथल्या पाइप जोडणाऱ्या फिटरसमोर जाऊन उभी राहिली. "तुमचं काम शिकायला किती डोकं लागतं हो?"

"डोकं बेताचं," तो म्हणाला, "गुडघे मात्र मजबूत हवेत."

"मग जमेल मला," ताई म्हणाली, आणि तिनं तंत्रशाळेत प्लंबिंगच्या वर्गाला नाव घातलं.

तिथली पोरं आधी तिला आजी म्हणायची. तिनं त्यांच्यावर डोळे वटारले, डब्यातला घासही दिला, आणि पाइपाला आटे पाडताना त्यांच्याइतकीच घामाघूम झाली. महिन्याभरात आजीची उस्ताद झाली. आमच्याकडे आली की तिचं लक्ष माणसांकडे कमी आणि बेसिनखाली जास्त. माझा नवरा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, बस चालवतो. नियम म्हणजे नियम! त्यानं तिला बजावूनच टाकलं, "ताई, परवाना मिळेपर्यंत माझ्या नळाला हात लावायचा नाही. परवान्याशिवाय मी तुला बस चालवू देईन का?" तिनं नाक मुरडलं, पण शब्द पाळला.

आणि एका सकाळी आमच्या न्हाणीघराच्या भिंतीला फुगा आला. बोट लावलं तर गिलावा ओल्या बिस्किटासारखा गळून पडला. आतून पाणी झिरपत होतं. समोरच्या दुकानदारानं त्याच्या ओळखीचा एक कारागीर पाठवून दिला. नवऱ्यानं दारातच विचारलं, "परवाना आहे का?"

"परवाना कशाला? हात बघा माझा!" असं म्हणत तो थेट न्हाणीघरात घुसला आणि नवरा अडवेपर्यंत त्यानं हातोडा उगारला. तीन घावांत टाइल्स फुटल्या. चौथ्या घावाला आतून असा फवारा उडाला की तो, मी आणि आरसा, तिघंही भिजलो. "सामान घेऊन येतो," म्हणत तो जिना उतरला, तो गेला तो गेलाच.

मग काय विचारता! मी बादल्या लावतेय, नवरा कॉक पिळतोय, आणि कॉक जागचा हलत नाही. खालून घड्याळं दुरुस्त करणारे काका ओरडतायत, "अहो, माझ्या टेबलावर गळतंय!"

"आता परवानावालाच हवा!" नवऱ्यानं गर्जना केली आणि प्लंबर लोकांच्या संघटनेत फोन लावला. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सगळे कामावर गेलेत. थांबा हं, तुमच्याच भागात एक आहेत. परवाना आजचाच आहे. चालेल?"

"धावेल!"

त्यांनी नंबर सांगितला. नवऱ्यानं ओल्या बोटांनी तो दाबला आणि मलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. पाण्याच्या धबधब्यातून एक भारदस्त आवाज आला, "नमस्कार. परवानाधारक प्लंबर बोलतेय."

"अहो बाई, घरात पूर आलाय! लगेच या!"

"पत्ता सांगा."

त्यानं सांगितला. पलीकडे काहीतरी खणकन खाली पडलं. मग, "अरे गाढवा, तू होय!"

नवऱ्याच्या हातून फोन बादलीत पडता पडता वाचला. "ताई? हा नंबर कुणाचा?"

"माझाच. कामासाठी नवा घेतलाय. सकाळीच परवाना हातात पडला, संध्याकाळी मिरवत येणार होते तुमच्याकडे! कॉक बंद केलास का?"

"अडकलाय."

"पिळू नकोस, मोडेल! आलेच मी."

दोन गल्ल्या पलीकडून ती कशी आली कुणास ठाऊक. निळा कोरा करकरीत डगला, खांद्यावर पिशवी, केस अर्धे विंचरलेले. वर यायच्या आधी ती जिन्याखाली घुसली. तिथली मोडकी सायकल, रिकामी खोकी भराभर बाजूला फेकली आणि मागे दडलेला अख्ख्या इमारतीचा व्हॉल्व्ह शोधून काढला. वरचा फवारा लटपटला, बुटका झाला आणि थांबला. मी टाळ्याच वाजवल्या!

न्हाणीघरात आल्यावर तिनं भिंतीला कान लावला, हात फिरवला, एका जागी खूण करून टाइल उचकटली. आत पाइप ठणठणीत.

"चुकले," ती म्हणाली. कपाळावर घाम होता, पण डोळे लकाकत होते. "हातोड्यानं झालेलं भोक दिसतंय, पण मुळात गळत होतं दुसरीकडेच. अजून वर असणार."

दुसऱ्यांदा तिनं वीतभर वर फोडलं. तिथं पाइप वळत होता, आणि त्या वळणाच्या जोडाला केसाएवढी चीर होती. "सापडलास!" ती अशी ओरडली की खालचे काका धावत वर आले. भांडायलाच आले होते, पण दारातच थबकले आणि बघत राहिले. नवरा टॉर्च धरून उभा. ती म्हणेल तसा टॉर्च डावीकडे, उजवीकडे. जन्मात मी त्याला इतकं मुकाट्यानं कुणाचं ऐकताना पाहिलं नव्हतं.

फुटका तुकडा कापला, नवा बसवला, जोड बदलला. मग मी खाली जाऊन तो व्हॉल्व्ह हळूहळू उघडला आणि धापा टाकत वर आले. चौघंही त्या भोकाकडे टक लावून बघत होतो. एक थेंब फुगला. ताईनं पान्याला जेमतेम पाव वळसा दिला, थेंब पुसला, आणि पुन्हा आलाच नाही. वरून कोरडा कागद फिरवला, तोही कोरडाच राहिला.

"झालं!" ती म्हणाली आणि तशीच ओल्या फरशीवर बसून हसायला लागली. हसता हसता रडली. नवरा तिच्या शेजारी चिखलात बसला. "ताई, दाखव की परवाना."

"आता मागतोस होय रे?" तिनं डगल्याच्या आतल्या खिशातून कार्ड काढलं. त्यानं ते दोन्ही हातांत धरून मोठ्यानं वाचलं. काकांनी घसा खाकरून विचारलं, "बाई, माझ्याकडचाही एक नळ जरा बघता का?" तिनं लगेच पदर खोचावा तशी डगल्याची बाही वर सारली.

आता तिला उसंत नसते. कारखान्यातल्या दोन मैत्रिणी यंदा त्याच वर्गाला जातायत. एकीचे आटे अजून वाकडेच पडतात म्हणे. "तूही ये," ताई परवा मला म्हणाली. मी हसण्यावारी नेलं. पण ती चहा पीत होती तेव्हा पिशवीतला मोठा पाना उचलून बघितला. जड आहे मेला, पण पेलतो.