न लिहिलेली ओळ

प्रोद्रोमोस सरांची नक्कल सोपी आहे. घसा दोनदा खाकरायचा, गाडीच्या किल्लीने फळ्यावर टकटक करायचं आणि छताकडे बघत म्हणायचं, "ओळीला पैसे पडत नाहीत, पोरांनो. लिहा." आमच्या प्तोलेमाइदा गावातल्या निम्म्या पोरांना ती येते. शिकवणीत सर शिकवतात फिजिक्स, पण पाठ आहेत कटऑफ. कुठल्याही वर्षाचा, कुठल्याही विद्यापीठाचा. एकदा मयताला गेले असताना कुणीतरी हळूच विचारलं, तर सरांनी पाद्र्याच्या मंत्रांच्या मधल्या जागेत आकडा सांगून टाकला.

आमच्याकडे गुण, वीस हजारांपैकी, आधी कळतात, मग पसंतीचा फॉर्म भरायचा, आणि कटऑफ लागतात ऑगस्ट संपता संपता. म्हणजे उडी आधी मारायची, विहीर किती खोल ते नंतर. जे विद्यापीठ फॉर्मवर लिहिलंच नाही, ते डोंगराएवढे गुण असले तरी मिळत नाही. आणि वरच्या ओळीतलं मिळालं की खालचं सगळं गेलं.

सर अठरा वर्षांचे होते तेव्हा त्यांना अथेन्सचं इंजिनिअरिंग विद्यापीठ लिहायचं होतं. वडील सावास कोळशाच्या खाणीत मोठं खोदयंत्र चालवायचे. त्यांनी कॉफीच्या दुकानात विचारून घेतलं, कारण आमच्याकडे असले निर्णय तिथेच होतात. एकाच्या मेव्हण्याच्या भाच्याने खात्रीने सांगितलेलं की यंदा कटऑफ चढणार. दुसऱ्याने विचारलं, "काय रे सावास, तुझं पोरगं आक्रोपोलिसला प्लास्टर करणार का?" सगळे हसले, सावासही हसले. घरी येऊन पोराला म्हणाले, मिळणार नाही ते लिहून हसं कशाला करून घ्यायचं. सरांनी पहिल्या ओळीत अर्ध्या तासावरचं कोझानीचं तंत्रनिकेतन लिहिलं. अथेन्स लिहिलंच नाही.

कोझानी मिळालं. सावासनी अख्ख्या दुकानाला त्सिपुरो, आमच्याकडची द्राक्षाची दारू, पाजली. पेले भरले जात असताना सर टेबलावरचं वर्तमानपत्र चाळत होते. अथेन्सचा कटऑफ घसरला होता. सरांना त्याहून एकशे चाळीस गुण जास्त होते. तेवढ्यात वडिलांनी त्यांच्या हातात पेला दिला आणि उठून उभा राहा म्हणाले, लोक तुझ्या नावाने पिताहेत.

सर उभे राहिले. प्यायले.

हे ते दरवर्षी वर्गात सांगतात, वडिलांचा आवाज काढून. आम्ही हसायचो. वीज केंद्राचं एकेक धुराडं बंद होत गेलं, गाव रिकामं होत गेलं आणि सर पोरांना वरच्या ओळी लिहायला लावत राहिले.

मग त्यांच्या मुलीची, एल्पिनीकीची पाळी आली. तिला तासाभरावरच्या फ्लोरिनाला शिकून बालवाडीची शिक्षिका व्हायचं होतं. पण गुण अथेन्सला पुरतील इतके पडले. हेच तिचं दुर्दैव. सरांनी तिच्याशेजारी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "पहिली ओळ माझी, बाळा. खालच्या सगळ्या तुझ्या." तिने लिहिलं, आणि ते मिळालं. सरांनी त्याच दुकानात सगळ्यांना पाजली आणि रडलेही म्हणे.

अथेन्सहून ती रोज दुपारी फोन करायची. बरं चाललंय, बाबा. तिसऱ्या वर्षी सर न कळवता गेले, तेव्हा घरमालकिणीकडून कळलं की पोरगी रोज सकाळी दप्तर घेऊन निघते, विद्यापीठाच्या फाटकापर्यंत जाते आणि परत येते. तीन वर्षांत एक विषय सुटला होता. सर तिला घेऊन आले. वाटेत थेस्सालोनिकीला एका बेकरीपाशी सरांनी विचारलं, बुगाचा खाशील? ती नको म्हणाली.

गेल्या वर्षी ती पुन्हा परीक्षेला बसली. आमच्याच वर्गात, शेवटच्या बाकावर, आमच्याहून तीन वर्षांनी मोठी. मांडीवर हात ठेवून बसायची आणि सर विनोद करायला लागले की खिडकीबाहेर बघायची. गुण बरे पडले, पूर्वीसारखे नाहीत.

फॉर्म आम्ही शिकवणीतल्या कॉम्प्युटरवर भरायचो, रांग लावून. तिची पाळी आली. तिने फ्लोरिना लिहिलं आणि थांबली.

"दुसरी ओळ लिही," सर मागून म्हणाले. "यानिना लिही. अलेक्झांड्रुपोली लिही. तिथेही तेच शिकवतात. ओळीला पैसे…"

"मी लांब राहू शकत नाही, बाबा."

"जायलाच पाहिजे असं कुठंय? नुसती असू दे."

"पहिली ओळ तुमची होती," ती म्हणाली. "ही एकच माझी आहे." आणि तिने फॉर्म पाठवून दिला. सरांचा हात माउसपर्यंत गेला होता. तो तसाच हवेत राहिला, मग त्यांनी खिशातली किल्ली काढली आणि परत ठेवली.

फ्लोरिना बासष्ट गुणांनी हुकलं. अलेक्झांड्रुपोलीचा कटऑफ तिच्या गुणांहून खाली आला. बराच खाली. त्या दिवशी शिकवणी बंद होती.

त्याच सप्टेंबरात मी पुस्तकं परत द्यायला गेले तर नव्या पोरांचा पहिला तास चालू होता. सर नुकतेच लागलेले कटऑफ म्हणत होते, उत्तरेकडून दक्षिणेकडे, नेहमीसारखे. वडिलांची गोष्ट सांगितली नाही. एका मुलीने हात वर केला. बालवाडीचं सांगा ना, अलेक्झांड्रुपोलीचं राहिलं.

सर छताकडे बघत राहिले. "ते माझ्या लक्षात नाही," म्हणाले.

शेवटच्या बाकावर एल्पिनीकी होती. पुन्हा. तिने वहीतून मान वर केली नाही. घसा दोनदा खाकरला आणि आकडा सांगितला, शेवटच्या अंकापर्यंत.

नवी पोरं हसली. त्यांना वाटलं, ती सरांची नक्कल करतेय.