बाजूच्या कडीची गाठ

या ग्रुपवर विचित्र अनुभव लिहिणारे बरेच जण सांगतात की आधी त्यांचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. माझा आजही नाही. नाशिकच्या एका कॉलेजची लायब्ररी मी पंचवीस वर्षं सांभाळतेय. जे पुस्तक जागेवर नाही ते कोणीतरी नेलेलं असतं, नाहीतर चुकीच्या कप्प्यात ठेवलेलं असतं. तिसरी शक्यता नसते. माझ्या बाबतीत जे घडलं त्यातही मी आठ महिने तो ‘कोणीतरी’ शोधत होते... आणि तो मला सापडलाही होता.

माझा नवरा सुहास सातपूरला एका वर्कशॉपमध्ये टूलरूम बघायचा. दर रविवारी पहाटे गाडीच्या टपावर पिवळी कायाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची निमुळती होडी, बांधून तो गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जायचा. गिरणारेकडून टोमॅटोच्या शेतांमधून एक कच्चा रस्ता खाली पाण्यापर्यंत उतरतो, तिथे. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये लोक अशाच छोट्या होड्यांतून बास नावाचा मासा धरतात, ते तो तासन्‌तास बघायचा. आपल्याकडे बास नाही, मरळ आहे. मरळीला आमिष म्हणून तो लेथवर लाकडी बेडूक घडवायचा, हिरवे, रंगवलेले. मी हसले की म्हणायचा, “तू पुस्तकं लाव, मी बेडूक लावतो. दोघांचं गिऱ्हाईक येईल तेव्हा येईल.”

त्याच्यासोबत नेहमी प्रकाशभाऊजी असायचे. त्याच वर्कशॉपमधले, वीस वर्षांचे मित्र. त्यांची कायाक निळी.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच आहे. कायाक एका जागी थांबवायला खाली वजन सोडतात. सुहास व्यायामाचा जुना डंबेल दोराला बांधून सोडायचा. दोराचं दुसरं टोक कायाकच्या मागच्या कडीला बांधायचं. कायाकला मध्यावर, बसणाऱ्याच्या मांडीशी, बाजूलाही उचलायच्या कड्या असतात. हाताशी असतात म्हणून नवखे लोक तिथेच दोर बांधतात. मग वारा सुटला की होडी आडवी होते, वजन एका अंगाने ओढतं आणि ती उलटते. नव्या पोरांनी हे केलं तर सुहास त्यांच्यावर ओरडायचा. आमच्या फ्रिजवर त्याने चिठ्ठी चिकटवली होती – ‘जॅकेट. पाणी. दोर मागे.’

होळीच्या आधीच्या रविवारी त्याची कायाक उलटली. उकडतंय म्हणून जॅकेट काढून त्याने मागे ठेवलं होतं. दोर पायात अडकला होता. प्रकाशभाऊजी तेव्हा वळणापलीकडे मरळीच्या मागे होते. ते पोहोचेपर्यंत उशीर झाला होता.

मी तिथे पोहोचले तेव्हा पंचनामा चालू होता. प्रकाशभाऊजी सांगत होते, “दोर बाजूच्या कडीला बांधलेला होता. पाय सोडवायला मी तिथून कापला.”

मी म्हटलं, “सुहास बाजूला दोर बांधेल?”

“वहिनी, बांधलेला होता...”

“मग गाठ कुठंय?”

बाजूच्या कडीला काहीच नव्हतं. दोराचं टोक सुरीने सफाईने कापलेलं होतं.

“पाण्यात पडली असेल,” ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

अपघात अशी नोंद झाली. मी मात्र तिथेच अडकले. सुहास ती चूक करणार नाही, म्हणजे एकतर प्रकाशभाऊजी खोटं बोलत होते किंवा दोर दुसऱ्या कोणीतरी बांधला होता. आणि त्या पाण्यावर दुसरं कोण होतं? तेराव्यानंतर त्यांनी हळूच विचारलं, “वहिनी, कायाक मी घेऊन जाऊ का? तुम्हाला नजरेसमोर नको असेल...” त्यानंतर मात्र माझी खात्री झाली. कायाक मी दिली नाही. त्यांचे फोन घेणं बंद केलं. वर्कशॉपमध्ये दोघांचं काही बिनसलं होतं का, अशी चौकशीही केली. काही मिळालं नाही. संशयाचं त्यावाचूनही अडत नाही. पोलिसांना द्यायचा अर्ज मी चार वेळा लिहिला, चौथ्यांदा नाव घालून.

अर्ज देण्याआधी एकदा त्यांना त्याच पाण्यावर बघायचं ठरवलं. दिवाळी झाल्यावर मीच फोन केला. म्हटलं, “कसं झालं ते मला तिथे नेऊन दाखवा. मी सुहासच्या कायाकमध्ये बसेन.”

ते म्हणाले, “ती कायाक नको, वहिनी.”

“तीच.”

पुढच्या रविवारी सकाळी आठला आम्ही काठावर होतो. तिथे काशिनाथ भेटले. ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळी टाकणारे म्हातारे गृहस्थ. सुहास त्यांच्याबद्दल घरी सांगायचा.

“सायबाच्या बाई ना तुम्ही?” ते म्हणाले. “म्या लय चिडवायचो त्यांना. केळाच्या सालीवर बसून मासे धरता व्हय, म्हनायचो. ते म्हनायचे, तुमी तर वड्यावर बसता, मधे भोक असलेल्या.” आणि डोळे पुसत हसले.

दोर मी स्वतः बांधला. मागच्या कडीला, सुहासने शिकवलेली गाठ – एक टोक ओढलं की सुटणारी. प्रकाशभाऊजींना जवळ येऊ दिलं नाही. मोबाइलवर फोटो काढला. काशिनाथना म्हटलं, “बाबा, बघून ठेवा, दोर कुठे बांधलाय.”

“मागं हाय की. दिसतंय.”

मोकळा दोर पुढे घेतला, डंबेल पायाशी ठेवला, जॅकेट घातलं. प्रकाशभाऊजींना सांगितलं, “तुम्ही पुढे चला. मला तुमचे हात दिसले पाहिजेत.” हे असं तोंडावर बोलले मी. त्यांनी मान डोलावली.

सुहासने मला पाच-सहा वेळा नेलं होतं, त्यामुळे वल्हवता येत होतं. काठापासून फार लांब नव्हतं, पाण्यातून वर आलेलं एक वाळकं झाड आहे, तिथे. ते चाळीसेक फूट पुढे, तोंड माझ्याकडे करून थांबले. वल्हं मांडीवर, दोन्ही हात वल्ह्यावर. मी त्या हातांकडे बघतच डंबेल पाण्यात सोडला. दोर सरसर गेला आणि ताणला.

मागे बांधलेला असता तर कायाकची शेपटी वाऱ्याकडे वळली असती. ती वळली नाही. आडवी झाली.

“वहिनी,” प्रकाशभाऊजी म्हणाले, “दोर कुठं बांधलाय?”

“मागे. तुमच्यासमोर बांधलाय.”

“डावीकडे बघा.”

मागची कडी रिकामी होती. दोर माझ्या डाव्या मांडीशी, बाजूच्या कडीला बांधलेला होता. मी बांधली होती ती गाठ नव्हतीच ती. आवळलेली, जाड, तीन वेढ्यांची. मी तिला हात लावला. ती गच्च ओली होती, कित्येक दिवस पाण्यात असल्यासारखी... आणि दोराचं ते टोक अजून पाण्यात गेलेलंच नव्हतं.

तेवढ्यात वारा सुटला. डावी कड खाली गेली आणि पाणी आत आलं. मी गाठ नखांनी ओढत होते, ती हलत नव्हती.

“गाठ राहू द्या! उजवीकडे झुका! वहिनी, उजवीकडे!”

ते कसे पोहोचले मला माहीत नाही. सुरी दिसली तेव्हा एक क्षण – खोटं कशाला सांगू – मला वाटलं ती माझ्यासाठीच आहे. त्यांनी दोर कापला. कायाक एकदम सरळ झाली.

काठावर आल्यावर आम्ही दोघं चिखलातच बसलो. काशिनाथ थर्मासच्या झाकणातला काळा चहा पुढे करत राहिले. मग प्रकाशभाऊजींनी कडीभोवतीचा वेढा कापून गाठ अख्खी काढून घेतली. आपल्या गळ ठेवायच्या पेटीतून एक प्लॅस्टिकची डबी काढली आणि माझ्यासमोर उघडली. आत तसल्याच दोराची तसलीच गाठ होती. तीन वेढे. आठ महिने डबीत बंद होती, तरी ओलीच.

“पडली नव्हती पाण्यात,” ते म्हणाले. “मी खिशात घातली होती.”

“का?”

“सुहासची नव्हती ती. वीस वर्षं त्याची गाठ बघतोय मी. आणि त्या सकाळी त्याने दोर मागे बांधलेला मी या डोळ्यांनी पाहिला होता. मग बाजूला कोणी बांधला? पाण्यावर मी एकटा होतो, वहिनी. तुम्ही काय म्हणाला असता?”

पर्समध्ये मी काय म्हणाले असते ते चार पानांवर लिहिलेलं होतं.

“कायाक मागितली ती यासाठीच. ती परत पाण्यात जायला नको होती.”

काशिनाथनी दोन्ही गाठी तळहातावर घेतल्या. “म्या साठ वरसं जाळी विणतोय. ही गाठ कुनाची ते नाय सांगता येत. पन दोन्ही एकाच हाताच्या हायेत.”

पहिल्या गाठीपुरता माझा संशय अजूनही प्रकाशभाऊजींवर ठेवता येतो. ठेवून पाहिलाही. पण दुसऱ्या गाठीच्या वेळी त्यांचे हात मी बघत होते. एक क्षणही नजर काढली नव्हती. मग उरते मी. त्या कायाकमध्ये मी एकटीच होते. माझ्याच हातांनी, मला न कळता...? पण मला ती गाठ येत नाही. लायब्ररीत गाठींवरची दोन जुनी पुस्तकं आहेत. दोन्ही पानन्‌पान पाहिली. त्यांत नाही. मोबाइलमधल्या फोटोत दोर अजून मागच्या कडीलाच आहे.

कायाक आम्ही करवतीने कापून भंगारात दिली. प्रकाशभाऊजी आता रविवारी चहाला येतात. मी कप त्यांच्यापुढे ठेवते आणि अजूनही नकळत आधी त्यांच्या हातांकडे बघते. त्यांना ते कळतं. ते हात टेबलावर उघडे ठेवतात.

अर्ज मी फाडला नाही. फक्त त्यावरचं त्यांचं नाव खोडलं. बाकी मजकूर तसाच आहे, आणि मला तो अजूनही खरा वाटतो – माझ्या नवऱ्याचा दोर कोणीतरी बाजूला बांधला. खोडलेल्या नावाच्या वर थोडी जागा उरलीय. तिथे काय लिहायचं, ते इथे कोणाला सुचलं तर सांगा.