फॉन्ट घ्यायचा राहिला

अलिबागच्या कोर्टासमोर मी अर्ज टाईप करून देतो. माझा कॉम्प्युटर इतका जुना, की नवी सिस्टीम त्यावर चढायलाच तयार नव्हती. 'हे मशीन चालणार नाही' असं स्क्रीनवर तीनदा आलं. शेवटी ती तपासणी चुकवायची युक्ती इंटरनेटवर सापडली. सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या, डिस्क पुसली आणि अख्खा रविवार घालवून सिस्टीम चढवली.

आमच्या धंद्यात नवा अर्ज कोणी लिहीत नाही. जुना उघडायचा, नावगाव बदलायचं. सोमवारी थळची एक मावशी वारस नोंदीसाठी आली. जुना अर्ज उघडला, तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि कंस. फाइली घेतल्या होत्या, पण ज्या मराठी फॉन्टात त्या टाईप केल्या, तोच घ्यायचा राहिला होता. डिस्क मीच पुसलेली, आता चिडणार कोणावर?

"मावशी, मशीनला मराठी वाचता येईना."

"तुला येतं ना? मंग हातानं लिव."

मी खण उघडले, टेबलाखाली पाहिलं. दुकानात पेनच नव्हतं. शेवटी मावशीनेच आपल्या पिशवीतून पेन काढून दिलं.