बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी
थोरली बहीण बाळंतपणाला साताऱ्याला आली, तेव्हा मी सांगलीच्या कॉलेजात सायन्स शिकत होते. वर्गात माझ्यासकट दोनच मुली. नाताळच्या सुट्टीत घरी आले, तर गारठा फार. ताईला वारं लागू नये म्हणून आईनं खिडकी लावून फटींत चिंध्या कोंबल्या होत्या आणि खाटेजवळ कोळशाची शेगडी ठेवली होती.

दुपारी मी बाळाला बघायला आत गेले. ताई उठायला गेली आणि पुन्हा आडवी झाली.

"डोकं लय दुखतंय गं. मळमळतंय."

"अशक्तपणा हाय, दुसरं काय न्हाई," आई म्हणाली. पण तीही कपाळ दाबूनच बसली होती.

दोघींचं एकदमच डोकं दुखतंय म्हटल्यावर मी चरकले. हवा पुरेशी नसली की कोळसा अर्धवट जळतो आणि त्यातून विषारी वायू निघतो, हे नुकतंच शिकले होते. त्याला ना रंग, ना वास. मी खिडकी सताड उघडली, बाळाला दुपट्यात गुंडाळून ओसरीवर उन्हात नेलं.

"खुळी झालीस व्हय? बाळ गारठंल!" आई ओरडली.

"आई, आधी बाहेर ये, मग काय बोलायचं ते बोल."

ताईला आम्ही दोघींनी धरून बाहेर आणलं. मग मी श्वास रोखून शेगडी अंगणात नेऊन ठेवली. बाळ दूध ओढायला लागलं तेव्हा कुठं मी खाली टेकले. दिवस कलेपर्यंत ताईचं डोकं दुखायचं थांबलं आणि तिनं चहा मागितला.

आईनं तिला चहा करून दिला. मग म्हणाली, "एवढ्याशा इस्तवात इख कुठनं आलं?"

मी सांगितलं, की कोळसा हवेतला प्राणवायू घेऊन जळतो. तो कमी पडला, की हा वायू तयार होतो आणि रक्तात प्राणवायूचीच जागा अडवतो.

आईनं कोपऱ्यातल्या गंजलेल्या विळ्याकडं बोट केलं. "आन ह्याला काय झालं?"

"तोही प्राणवायूच घेतो. ओलाव्यात, हळूहळू, जाळ न दिसता. आपण जेवलेलंसुद्धा अंगात असंच जळतं, म्हणून तर अंग गरम राहतं."

"म्हंजी बाळबी जळतंय म्हण की!" आई हसली, आणि तिच्या मागोमाग ताईही.

त्या संध्याकाळी ओसरीवरच जेवलो. ताईनं पिठलं दोनदा मागून घेतलं.