विटकरी पोपटांचं तोरण

दाजींचा फोन आला तेव्हा मी पालमला, आमच्या घरी, तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होते. सोलत होते म्हणजे काय, चार शेंगा सोलायच्या, उठून गॅस बघायचा, परत बसायचं, मग अंगणाचं दार का वाजलं म्हणून पुन्हा उठायचं. माझं सगळं असंच. मला एका जागी बसवत नाही, आणि हे माझ्यापेक्षा माझ्या थोरल्या बहिणीला, सुलूआक्काला, जास्त ठाऊक होतं. फोनवर तिचे यजमान होते. "कमल," दाजी म्हणाले, "तुझी आक्का परसात बाजंवर बसली व्हती. मी चहा घेऊन गेलो तर उठंना." मी म्हटलं, "हलवून बघा." ते म्हणाले, "बघितलं…" त्यानंतर फोन कुणी ठेवला ते मला आठवत नाही.

पालमहून परभणी, तिथे गाडी बदलून मानवत. त्या दिवशी एसटीत मी खिडकी उघडत होते, लावत होते, जागा बदलत होते. शेवटी शेजारच्या बाईने विचारलं, "माय, बरं न्हाई का तुमाला?" मी तिला "गाडी लागते" असं सांगितलं. खोटं का बोलले कोण जाणे. बहीण गेली असं तोंडाने म्हटलं की ते खरं होईल, असं काहीतरी डोक्यात असावं. अजूनही मी दर आठ-दहा दिवसांनी त्याच रस्त्याने मानवतला जाते, आणि पोचले की परत कधी निघू असं होतं.

आमचं माहेर पिंगळी. घर स्टेशनच्या अंगाला. लहानपणी मी गाडी आली की पळत सुटायचे आणि आक्का भिंतीवर बसून तारेवरचा कोतवाल बघायची. काळा कुळकुळीत पक्षी, शेपटी दुभंगलेली. खाली झेपावून किडा उचलायचा आणि पुन्हा तारेवर त्याच जागी. "बघ, जागा सोडंना," ती म्हणायची. मला त्यात बघण्यासारखं काय आहे ते कधी कळलं नाही. मण्यांचं कामही तिथलंच. शेजारच्या भाभींनी आम्हा दोघींना शिकवायला घेतलं. काचेचे मणी, बारीक सुई आणि तंगूस, म्हणजे तो पारदर्शक नायलॉनचा दोरा. आक्काने महिन्याभरात ताटाभोवतीची महिरप केली. माझी दुसऱ्याच ओळीला सुई हरवली. "सुलू के हात में सबर है," भाभी आईला म्हणाल्या, "कमल के पाँव में चक्कर है." आई हसली, मला मात्र फार राग आला. नंतर हट्टाने मीही ओवायला शिकले, पण शिकले ते रागाने. त्यामुळे माझ्या हातचं काम घट्ट येतं, तंगूस ओढून ओढून.

लग्न होऊन आक्का मानवतला गेली. दाजी मोंढ्यात, म्हणजे मालाच्या बाजारात, कापसाच्या अडतीवर कामाला. घर लहान, पण मागे परस होतं, शेवगा, पेरू, कडीपत्ता आणि भिंतीला टेकलेली जास्वंद एवढं मावेल असं. स्वयंपाक उरकला की आक्का तिथे बाज टाकायची, मांडीवर ताट घ्यायची, ताटात पांढरं फडकं अंथरून त्यावर मणी पसरायची, म्हणजे ते घरंगळत नाहीत. जवळच मातीच्या परळात पाखरांसाठी पाणी. हात ओवत असायचे आणि नजर जास्वंदीवर. शिंजीर यायचा, बुलबुल यायचे, पेरूवर पोपटांची धाड, आणि दुपार कलली की सातभाईंची टोळी, आमच्या भावकीसारखी, सगळ्यांनी एकदम भांडायचं. तिला सगळं कळायचं, कुणाची पिल्लं उडाली, कुणाची मांजराने नेली. मी गेले की ती पदर सावरायची आणि म्हणायची, "आली वावटळ. उडाली बघ माझी पाखरं." मी चिडायचे. "मग काय पुतळा होऊन बसू?" "बस की. तुझं काय जायलंय?"

आमच्याकडे लग्नात रुखवत मांडतात. मुलीकडच्या बायकांच्या हातची कला सगळ्यांनी बघायची, नावं ठेवायची, आणि घरी जाऊन तसंच करून पाहायचं. आक्काचं मण्यांचं तोरण रुखवतात नाही असं आमच्या नात्यात लग्न झालं नाही. पण तिचा एक हेका होता. तोरणात पक्षी ओवायचा तो आपल्या परसात आलेलाच. एका विहीणबाईंना राजहंसाची जोडी हवी होती. बाजारात तसा नमुनाही मिळायचा. आक्का म्हणाली, "माझ्या परसात उतरू द्या, मग ओवते." बाई रुसून गेल्या. मोरालाही तिने नकार दिला. मोर शिवारात होते, परसात नव्हते. मी तिच्यावर ओरडले, की अगं, लोकांना हौस असते. ती शांतपणे म्हणाली, "ज्याची मान कशी वळती ते मला ठावंच न्हाई, ते मी कसं ओवू?"

पुढे साखरेने तिचे डोळे धरले. पडद्याला सूज आली, सुया झाल्या, लेझर झालं, तरी नजर उतरतच गेली. भर उन्हात मणी डोळ्याशी धरला तर दिसायचा, सावलीत सगळं एकसारखं. काम सोडेल असं आम्हाला वाटलं. तेवढ्यात दाजी मोंढ्यातून मोकळे झाले आणि तिच्या बाजेशेजारी खुर्ची टाकून बसायला लागले. ते सुईत तंगूस ओवून द्यायचे आणि मण्यांच्या डब्या पुढे करायचे. ती म्हणायची, "हिरवे द्या." ते हिरवे द्यायचे. आवाजावरून ती सांगायची, "तांबट आलाय बघा, कुठं बसलाय?" आणि दाजी शोधायचे. सगळा जन्म कापसाच्या गाठींत गेलेला माणूस, त्याला चिमणी आणि कावळ्यापलीकडे पक्षी माहीत नव्हता. बोटांवर उजळणी करत शिकले. तेराव्याला जो कोणी भेटायला येत होता त्याला दाजी एकच वाक्य सांगत होते, "शेवटी शेवटी तिचे डोळे मीच व्हतो बगा." ते सांगताना त्यांची मान जराशी ताठ व्हायची. त्या दिवसांत त्यांना तोलून धरणारं दुसरं काही नव्हतं, हे मी डोळ्यांनी बघत होते.

आक्काची मुलगी मंजू परभणीला असते. मंजूच्या लेकीचं लग्न ठरलेलं होतं आणि आक्काने नातीसाठी तोरण पुरं करून ठेवलं होतं. तेरावं झाल्यावर मंजूने ते ट्रंकेतून काढलं, पलंगावर पसरलं, आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. पोपट विटकरी होते. सगळेच्या सगळे. बुलबुलाच्या शेपटीखाली लाल डाग असतो, तिथे हिरवा होता. माना अगदी जशाच्या तशा वळलेल्या, चोची बरोबर, आणि रंग हे असे. "आईची नजर गेली व्हती गं," मंजू रडायला लागली. "मावशी, पोराकडचे लोक हसतील. तिला हसलेलं मला न्हाई चालायचं. तू नीट करून दे."

मला तर काहीतरी करायला हवंच होतं. दुसऱ्या दिवशी मी परसात बाज टाकली आणि एक बुलबुल उसवायला घेतला. दाजी पाणी घालायला आले. म्हणाले, "कामून उसवायलीस?" मी म्हटलं, "जरा डागाचा रंग…" ते वाकले, बुलबुल हातात घेतला, निरखून बघितला. "लाल तर हाय की," ते म्हणाले, "मीच तर दिलते."

माझे हात थांबले. मग एकेक गोष्ट आठवत गेली. टोमॅटो आणायला आक्का नेहमी स्वतः जायची. दिवाळीला दाजींनी हौसेने 'हिरवं' म्हणून आणलेलं मातकट लुगडं ती मिरवून नेसायची. पेरू पिकला का ते दाजी दाबून बघायचे. या माणसाला लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नव्हते. सगळी हयात पांढऱ्या कापसात काढली, कुणाला कळायचं कारण नव्हतं. त्यांना स्वतःलाही नाही. आणि लगेच दिवाळीतला आक्काचा फोन आठवला. "कमे, आमच्या परसात यंदा विटकरी पोपट यायलेत," ती सांगत होती, "आन् बुलबुलाचं बूड हिरवं झालंय," आणि खुदूखुदू हसत होती. मी म्हटलं होतं, "गोळ्या बदल तुझ्या." बाई उन्हात मणी डोळ्याशी धरत होती. तिला दिसत होतं! जिने न पाहिलेला हंस ओवला नाही, तिने विटकरी पोपट ओवले, एकामागून एक, आणि शेजारच्या खुर्चीला कळू दिलं नाही.

मंजूला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "मग आता सगळ्यांपुढं आईलाच हसून घ्यायचं का?" तिचंही चूक नव्हतं. तोरण दुरुस्त करायचं तर सगळंच उसवावं लागणार, आणि कामून उसवायलीस म्हणून दाजी पुन्हा विचारणार. नाही केलं तर मांडवात आक्काच्या हातचं म्हणून लोक दात काढणार. मी घरात येरझाऱ्या घातल्या, भांडी पुन्हा घासली, पालमला जाऊन आले. शेवटी मंजू फोनवर म्हणाली, "जाऊ दे मावशी. राहू दे तसंच. बाबांना कळायला नको." मग मी उसवलेला बुलबुल पुन्हा ओवायला बसले. डबीतून हिरवे मणी वेचून घेतले आणि लालाच्या जागी बसवले. चुकीचं काम इतकं जपून मी जन्मात केलेलं नाही. हात सारखे लाल डबीकडे जात होते.

लग्नात तोरण रुखवताच्या मधोमध होतं. दाजी शेजारी उभे राहून येईल त्याला पक्ष्यांची नावं सांगत होते. मुलाकडची एक काकू आली, बघितलं आणि मोठ्याने हसली. "आगं बया, हे पोपट का विटा? आन् बुलबुलाला हिरवं लावलंय, लाल असतंय ना ते!" मंजूने तिला बाजूला नेलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. दाजींनी तोरणाकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे. जेवले नाहीत. मी त्यांना घेऊन मानवतला परतले. गाडीत मी एकदाही खिडकी उघडली नाही, जागा बदलली नाही.

घरी आल्यावर ते सरळ परसात गेले. उभ्याउभ्याच त्यांनी विचारलं, "तिला दिसत व्हतं का?" खोटं बोलणं सोपं होतं. पण आक्काचा तो फोन माझ्या एकटीच्याने सांभाळवत नव्हता. मी सांगितलं, विटकरी पोपट, हिरवं बूड, तिचं हसणं, सगळं. दाजी बाजेवर बसले. बराच वेळ ते रडत होते. मला वाटलं, मी या माणसाचं उरलंसुरलंही काढून घेतलं… मग त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "म्हंजी रोज माझ्याकडूनच मागून घ्यायची. दिसत असून."

हे लिहू का, म्हणून मी त्यांना विचारलं. "लिही," म्हणाले, "फकस्त माझं नाव टाकू नको, मोंढ्यात हसतील."

मागच्या आठवड्यात मी पुन्हा गेले होते. त्यांनी आपणहून ताट आणलं, फडकं अंथरलं, डब्या मांडल्या. मंजूला दुसरं एक तोरण हवं आहे, घराच्या दाराला. मी पहिला पोपट धरला. सवयीने हिरव्या डबीकडे हात गेला, पण मागे घेतला. म्हटलं, "दाजी, हिरवे द्या." ते डब्यांवरून बोट फिरवत राहिले, अडखळले, माझ्याकडे बघितलं. मी जास्वंदीकडे बघत बसले. त्यांनी एक डबी उचलून माझ्या हातात दिली. "तिनं घेतले तसेच घे," ते म्हणाले. मी डबी उघडली आणि ओवायला लागले.